‘बरो आसा’ची साक्ष

सोनापूरच्या सिग्नलपर्यंत सपना एक शब्द बोलली नव्हती. मुलुंडहून निघालो तेव्हा मला वाटलं, ही नाक्यापर्यंत चालेल, डोकं जरा थंड होईल आणि रिक्षा करेल. तिचं घर घाटकोपरला. एलबीएस रोडने तिथवर पायी कोण जातं? पण ती चालतच राहिली. काळा कोट घडी करून हातावर टाकलेला, खांद्याला फायलींची जड पिशवी, आणि मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना लागून जी वीतभर जागा उरते तिच्यातून ती पुढे, मी मागे. मार्चमधलं दुपारचं ऊन होतं. पत्र्यांपलीकडे खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली होती. पदर नाकाला लावला तरी वास येत होता.

"रिक्षा करू या का गं?" मी शेवटी विचारलं.

"तू कर. मी आज बसले तर रिक्षावाल्याशी भांडेन. त्याचा काय दोष?"

"ऊन केवढं आहे."

"असू दे. घाम येऊ दे मला. सकाळपासून अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतंय." ती थांबली, उजवा हात ओढणीला पुसला. "निघताना हात मिळवला ना त्या विमा कंपनीच्या वकिलाने माझ्याशी. वर म्हणतो काय, तुमच्या अशिलाची आई फार गोड आहे."

तिच्या अशिलाची आई म्हणजे माझ्या शेजारच्या शेवंतीकाकी. त्यांची केस सपनाकडे मीच नेली होती.

सपना तायडे आणि मी भांडुपच्या म्युनिसिपल शाळेत एका बाकावर होतो. तिचे वडील बुलढाण्याहून आलेले, एका कारखान्यात हेल्पर. आमचं गाव देवगडकडे. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी, माझ्या डब्यात घावणे, आणि दोघी एकमेकींचा डबा खायचो. पुढे ती दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात वकिली शिकली. आता घाटकोपर स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर पोटमाळा आहे, ते तिचं ऑफिस. अपघातात जखमी झालेल्यांचे आणि गेलेल्यांच्या घरच्यांचे नुकसानभरपाईचे दावे ती चालवते. लोकांना वाटतं, हिच्याच घरात कधीतरी कुणाला गाडीने उडवलं असणार, म्हणून ही या कामात पडली. तसं काहीही नाही. ज्या सिनियरकडे उमेदवारी करायला गेली त्याच्याकडे अपघाताच्या दाव्यांचं तेवढं एकच टेबल रिकामं होतं.

त्या पोटमाळ्यावर मी खूपदा गेले आहे. कोपऱ्यात फिनेल, बादली आणि जुन्या चादरींचा गठ्ठा असतो. लघवीची पिशवी लावलेली माणसं जिना चढून येतात, कधी पिशवी गळते. सपना काही न बोलता चादर टाकते आणि कागद वाचायला घेते. तिच्या फोनमध्ये मुलीच्या वाढदिवसाचे फोटो आणि तुटलेल्या पायांचे फोटो एकामागोमाग एक आहेत. केक बघता बघता बोट जरा जास्त सरकलं की गुडघ्याखाली काही नसलेला माणूस. जेवताना ती फोन पालथा ठेवते.

पण तिला किळस जखमांची येत नाही. हे मला समजायला वेळ लागला.

एकदा दिवाळीत मी तिथे असताना एक माणूस काजूकतलीचा डबा घेऊन आला. चांगले कपडे, कपाळाला गंध. मला वाटलं, दावा जिंकलेला अशील असेल. डबा टेबलावर ठेवून म्हणतो, "ताई, कुर्ल्याच्या दोन केसेस आहेत. एक पायाची, एक डोक्याची. डोक्याची ताजी आहे, कालचीच." मंडईत वांगी-दोडकी सांगावीत तसं. हे लोक हॉस्पिटलच्या दाराशी बसलेले असतात. आतून कुणीतरी त्यांना खबर देतं, आणि नातेवाईक रडायचे थांबायच्या आत हे वकीलपत्रावर अंगठा घेऊन मोकळे होतात. सपनाने डबा उचलून त्याच्या हातात दिला.

तो हसला. "ताई, एवढ्या साफ राहिलात तर उपाशी मराल."

"मरेन. तेव्हा माझी केस कुणाला विकायची ते आत्ताच ठरवून ठेवा," सपना म्हणाली.

मी हसले. ती नाही हसली. तो गेल्यावर तिने टेबल फिनेलने पुसलं.

दुसरं एक तिने सांगितलेलं. नितेश नावाचा एक बाप्या मानेला पट्टा लावून आला. मान वळत नाही, झोप येत नाही, सगळं रडगाणं. सपना त्या पट्ट्याकडे बघत राहिली. पट्ट्यावर हनुवटीखाली चहाचा डाग होता, होडीच्या आकाराचा. तोच डाग तिने आदल्या महिन्यात कोर्टाच्या बाकावर दुसऱ्याच माणसाच्या मानेवर पाहिला होता. कुठल्या तरी वकिलाच्या कपाटात एकच पट्टा होता आणि तो गळ्यागळ्यांतून फिरत होता. "धुवायचा तरी," ती म्हणाली. "खोटं बोलतायत ते बोलतायत, पण दुसऱ्याच्या घामाचा पट्टा गळ्यात घालतात गं."

आणि प्रांजल. हे सांगताना तिचा आवाज बदलतो. प्रांजल अंधेरीला पार्लरमध्ये थ्रेडिंग करायची. तिच्या स्कूटीला टेम्पोने उडवलं, उजव्या हाताची बोटं आखडली. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम केला तर बोटं सुटतील. तिचा भाऊ सपनाकडे आला आणि विचारतो, अपंगत्वाची तपासणी होईपर्यंत व्यायाम बंद ठेवला तर टक्के वाढतील ना? बहीण शेजारी बसलेली. सपनाने त्याला जिना दाखवला. तो दुसऱ्या वकिलाकडे गेला, त्याने सांगितलं ठेवा बंद. टक्के वाढले, दावा झकास मंजूर झाला. बोटं मात्र तशीच राहिली. पुढे कधीतरी कोर्टाच्या गेटवर सपनाला ती भेटली. चहाचा ग्लास डाव्या हातात होता. ‘भावाने फ्लॅट घेतला,’ असं म्हणाली.

तेव्हापासून सपनाचा एक नियम. अशिलाला बोलायचं काय ते शिकवायचं नाही. बाकीचे वकील साक्षीच्या आधी चार-चार दिवस पाठ करून घेतात. इथे रडा, इथे कण्हा, इथे पाणी मागा. सपना एवढंच म्हणते, "जे आहे ते सांगा." त्यापुढे एक अक्षर नाही.

शेवंतीकाकींनाही तिने तेवढंच सांगितलं होतं. काकींनी मान हलवली होती. "सांगतंय गो वकीलबाय. खोटा कशाक सांगू?"

काकींचा मुलगा जयवंत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. चेकनाक्याजवळ पाण्याच्या टँकरने त्याच्या बाईकला मागून धडक दिली. डोक्याला मार लागला. तेव्हापासून तो पडून आहे. डोळे उघडे असतात, माणूस आला की बुबुळं त्याच्याकडे वळतात, बोलत नाही, स्वतःहून कूस बदलत नाही. नाकातून नळी आहे, तिच्यातून पेज द्यावी लागते. किती समजतं ते डॉक्टरही सांगत नाहीत. काकी म्हणतात, सगळं ऐकतो. मलाही तसंच वाटतं. मी गुरुवारी त्याच्या उशाशी पोथी वाचते, कधीकधी त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी येतं.

टँकरच्या विमा कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की हा सुधारतोय. हॉस्पिटलच्या कागदावर ‘काही काळाने पुन्हा तपासावे’ असं लिहिलेलं, त्याचा आधार. सुधारणार असेल तर जन्मभर सांभाळायला माणूस कशाला, नळ्या, औषधं, गादी कशाला? जयवंतचे वडील नाहीत. काकींची पाठ वाकलेली आहे. उद्या काकी गेल्या तर त्याला कुशीवर कोण वळवणार, हाच सगळ्या दाव्याचा प्रश्न. आणि तो कसा आहे हे सांगायला पालक म्हणून काकींची साक्ष. त्यांना मुलाला सोडून कोर्टात जाता येत नाही, म्हणून कोर्टाने कमिशनर नेमला. कमिशनर म्हणजे घरी येऊन साक्ष लिहून घेणारा वकील. तो आणि त्याचा टायपिस्ट त्या सकाळी आमच्या मजल्यावर आले, आणि त्यांच्याबरोबर विमा कंपनीचे वकील.

शरच्चंद्र केळुसकर त्यांचं नाव. साठीचे, पार्ल्याला राहणारे. दारातच बूट काढले, मोजे काढले. आत आल्यावर आधी देव्हाऱ्यासमोर उभे राहून डोळे मिटून नमस्कार केला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. खरं सांगते, मला माणूस चांगला वाटला. जयवंतच्या खाटेला मधे पडदा आहे, तो बाजूला करून त्यालाही बघून आले, च्च च्च केलं. मग काकींसमोर स्टूल ओढून बसले.

"काकी, आमचो गाव केळूस. तुमचो खयचो?"

काकींचा चेहरा उजळला. इतका वेळ त्या टायपिस्टच्या यंत्राकडे बघून घाबरल्या होत्या. "अगो बाई, म्हणजे जवळचेच. अक्षता, चाय टाक गो. घावणे गरम कर."

सपना म्हणाली, "काकी, आधी साक्ष होऊ दे."

"चाय घेतल्याबिगर कसली साक्ष?"

सगळ्यांनी चहा घेतला. केळुसकरांनी तीन घावणे खाल्ले आणि चटणीची चौकशी केली. मग रुमालाने बोटं पुसत, जसं लग्नघरात भेटलेल्या म्हातारीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मगे, जयवंत कसो आसा आता?"

"बरो आसा," काकी म्हणाल्या. "देवाची कृपा."

कमिशनर गुजराती, त्यांना मालवणी कळेना. केळुसकरांनीच उलगडून सांगितलं, "तो आता बरा आहे असं त्या म्हणतायत." टायपिस्टची बोटं खाली आली. त्याने ते इंग्रजीत टाइप केलं.

सपना म्हणाली, "हा प्रश्न नाही, ही विचारपूस आहे. माझी हरकत नोंदवा."

"नोंदवली. पण बाई उत्तर देतायत ना," कमिशनर म्हणाले.

"जेवता मां?"

"जेवता. पेज, मुगाचा पाणी, सगळा जाता पोटात."

"नीज?"

"नीज लागता."

"हातपाय हलयता?"

"हलयता तर. परवा अंगठो हललो." तो झटका असतो. अंगाला अधूनमधून झटके येतात, त्यात कधी अंगठा हलतो. काकींना ते माहीत आहे.

"म्हणजे वर्सभरात उठतलो."

"उठतलो नाय तर काय? गणपतीक गावाक व्हरतलंय तेका."

एकेक उत्तर, त्याला गणपतीला गावी न्यायचं धरून, इंग्रजीत उतरत गेलं. केळुसकर मान डोलवत होते, प्रत्येक वाक्याला काकींना आधार दिल्यासारखी. मी कपबशा हातात घेऊन उभी होते. ज्या तोंडाने हा माणूस देवासमोर पुटपुटला त्याच तोंडाने हा हे करतोय. ‘कसो आसा’ असं आमच्याकडे विचारलं की ‘बरो आसा’ म्हणायचं असतं. सरणावरचा माणूससुद्धा तेच म्हणेल. हे त्याला माहीत होतं, म्हणून तर त्याने मालवणीतून विचारलं.

सपनाची पाळी आली. तिने काकींना फिरून विचारायला सुरुवात केली. "काकी, जयवंतला कुशीवर कोण वळवतं?"

"मी आणि अक्षता."

"तो स्वतः वळतो?"

काकींनी पडद्याकडे पाहिलं. "वळतलो."

"आज वळतो का?"

"वळतलो म्हणतंय मां."

"काकी, पुढचं नको. आज, आत्ता, तो स्वतःहून कूस बदलू शकतो का?"

कमिशनर म्हणाले, "बाई, हो की नाही, एवढंच सांगा."

काकींनी हळूच म्हटलं, "घरात असा बोलूचा नसता."

साक्ष तिथेच थांबली. कमिशनरनी पुढची तारीख शुक्रवारची दिली. केळुसकरांनी पुन्हा देवाला नमस्कार केला, काकींच्या पाया पडले. काकींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. सपना पिशवी उचलून जिन्याकडे निघाली तेव्हा काकी मागून म्हणाल्या, "वकीलबाय, उपाशी जाव नको." तिने मागे पाहिलं नाही. मी चपला घालून तिच्या मागे धावले.

भांडुप मागे पडलं. वाटेत एका गाळ्यात उसाचा रस घेतला. सपनाने ग्लास दोनदा विसळून घेतला आणि तरी अर्धा टाकला. चालताना ती रस्त्याच्या कडेलाच होती, पण तिची नजर सारखी गाड्यांवर. एक पोरगा हेल्मेट कोपरात अडकवून भुर्रकन गेला.

"बघ," ती म्हणाली. "मला आता माणूस दिसत नाही. वय दिसतं, कमाई दिसते, घरी किती माणसं असतील ते दिसतं. हा गेला तर दावा केवढ्याचा होईल ते मनात आपोआप येतं. शी. मी त्या एजंटाला हाकलते, आणि मी काय वेगळी आहे?"

"तू वेगळी आहेस."

"कशावरून?"

पुढे फूटपाथवर गणपतीचं छोटं देऊळ लागलं, माझे हात जोडले गेले. ती थांबून राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "काय सांगितलंस?"

"काही नाही."

"सांग की त्याला, एकदा साक्षीला ये म्हणावं. तारखेला समन्स पाठवते." मग जरा चालून, "जयवंत कसा आहे गं?"

"बरा आहे," मी म्हटलं.

ती रस्त्यातच थांबली. मागून येणारा हातगाडीवाला ओरडला, ‘ओ मॅडम, साईड.’ सपनाने एक पाऊल बाजूला घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते.

"तू पण?" ती म्हणाली.

"अगं, सवय असते ती."

"सवय नाही. नीट सांग मला. काकी का नाही बोलल्या? खोटं बोलणाऱ्यातल्या त्या नाहीत."

कांजूरकडून वारा सुटला की कचऱ्याचा आंबूस वास येतो, तसा तो आला होता. मी चालत चालत तिला सांगितलं. घराला वास्तुपुरुष असतो, तो सतत ऐकत असतो आणि जे बोलाल त्याला तथास्तु म्हणतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तांदूळ संपले असं घरात म्हणायचं नाही, तांदूळ वाढले म्हणायचं. निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. मग पोटच्या मुलाच्या खाटेपासून चार हातांवर बसून, देव्हाऱ्यासमोर, हा उठणार नाही असं आई कशी म्हणेल? आणि तो ऐकतोय. बोलले तर ते खरं होईल, आणि तो ऐकेल, या दोन भीती आहेत काकींना.

सपना ऐकत होती. "आमच्या घरात वास्तुपुरुष नव्हता," ती म्हणाली. "बाबांनी सगळं सोडलेलं. तरी भाऊ तापाने फणफणला तर आई शेजारणीला म्हणायची, ठीक आहे, खेळतोय. तेव्हा हे असंच आहे."

"असंच आहे."

"आणि त्या केळुसकरला हे ठाऊक होतं."

"त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं."

"हरामखोर," ती म्हणाली, अगदी शांतपणे, आणि तो शब्द मलाही कमीच वाटला. माझ्या तोंडून असे शब्द येत नाहीत. पण त्या माणसाने त्या देव्हाऱ्यासमोर पुन्हा हात जोडू नयेत, एवढं मी मनात म्हटलं.

विक्रोळीपर्यंत ती मला एकेक विचारत राहिली. वकिलासारखं नाही, पण सोडतही नव्हती.

"पाठीची जखम कशी आहे?"

"बरी होतेय."

"अक्षता."

"भरत नाही."

"केवढी आहे?"

मी मूठ दाखवली.

"वास येतो?"

"येतो." हे बोलताना मी आजूबाजूला पाहिलं, जणू तिथे एलबीएस रोडवरही कोणी ऐकत होतं. "ड्रेसिंग सोडलं की येतो. काकी उदबत्ती लावतात. परवा त्यात अळी निघाली. मी चिमट्याने काढली, काकींना दाखवली नाही."

"त्या अंगठ्याचं काय?"

"झटका असतो तो."

"उठेल का तो?"

पुलाखालून आम्ही गेलो, वरून एक जड वाहन गेलं, बाहेर आलो. ती वाट बघत होती. मला वाटतं, तिच्या कामात ती हेच शिकली असावी, वाट बघणं. दुसऱ्याच्या तोंडात शब्द न घालता.

"नाही उठणार," मी म्हटलं. छातीत धस्स झालं. घरापासून इतक्या लांब, उन्हात, बसेसच्या धुरात. तरी झालं.

तिने माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. असं आम्ही शाळेत चालायचो.

"त्या लोकांना मी हाकललं," ती म्हणाली. "पट्टावाल्याला हाकललं, प्रांजलच्या भावाला हाकललं. ते सगळे जिंकले. खोटं बोलायला कुणाची जीभ अडखळली नाही. आणि माझ्याकडची एक खरी केस, त्या घरात खरं बोलायला माणूस नाही. मी काकींना शिकवू शकले असते. चार दिवस बसवून, रडा, सांगा, म्हणून. केलं असतं तर त्या बोलल्या असत्या कदाचित. पण मग मी आणि तो पट्टा एकाच कपाटातले."

"शुक्रवारी पुन्हा विचार ना काकींना."

"विचारलं तर ‘उठतलो’ म्हणतील. त्यांना मी आता छळणार नाही. त्यांच्या जिभेवरचा देव मी उतरवू शकत नाही, आणि मला उतरवायचाही नाही."

"मग?"

घाटकोपरच्या श्रेयस सिग्नलला आम्ही पोहोचलो. तिचं घर इथून डावीकडे. समोरच्या बाजूला बस पकडून मला परत मुलुंडला जायचं होतं. दोघींचे पाय सुजले होते. ती सिग्नलच्या खांबाला टेकली, पिशवी खाली ठेवली.

"तू रोज वळवतेस त्याला," ती म्हणाली. "जखम तू पाहतेस, नळी बदलताना तू पाहिलं आहेस. कायद्याने तू साक्षीदार होऊ शकतेस. उद्या अर्ज दिला तर परवानगी मिळेल."

मला कळलं ती कुठे चालली आहे. "कोर्टात येऊन सांगते," मी घाईने म्हटलं. "म्हणशील त्या दिवशी येते, रजा टाकते. पण घरात नको."

"कोर्टात नेलं तर कमिशनर रद्द, नवीन तारीख, आणि ती कधी लागेल देव जाणे. शुक्रवारी नोंद झाली नाही तर काकींचं ‘बरो आसा’ तेवढंच रेकॉर्डवर राहील. त्या कागदावर जयवंत बरा आहे. कायमचा."

"काकी परत माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत."

"माहीत आहे."

"तो ऐकेल."

"तेही माहीत आहे." तिने कपाळावरचा घाम पुसला. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज साधा होता, दुकानात मीठ मागावं तसा. "आजवर कुठल्याच साक्षीदाराकडे मी काही मागितलं नाही. तुझ्याकडे मागते. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तू मला आत्ता रस्त्यात सांगितलंस तेच. शुक्रवारी ये. पडदा ओढू नकोस, काकींना बाहेर पाठवू नकोस, नाहीतर केळुसकर म्हणेल आईच्या मागे बोलली. केळुसकरकडे बघू नकोस, माझ्याकडेही नको. कमिशनरकडे बघून सांग की तो उठणार नाही. आणि मालवणीत नको. साध्या मराठीत सांग, सावकाश, म्हणजे मधे कुणाला अर्थ सांगावा लागणार नाही."